दगडाची कातडी जपणारे मेश्राम सर

मेश्राम सरांना मी पहिल्यांदा पाहिले ते महाविद्यालयात नव्हे, चंद्रपूरच्या बाजारात. वनस्पतिशास्त्राचा अधिव्याख्याता म्हणून मी नुकताच रुजू झालो होतो. मसाल्याच्या दुकानापुढे एक गृहस्थ दगडफूल भिंगाखाली धरून पाहत उभे होते. दुकानदार वैतागून म्हणाला, "सर, घ्याचं असन तं घ्या. नुसतं पाहून काऊन राह्यले?" सर म्हणाले, "तू हे विकून राह्यला, मी हे शिकवून राह्यलो. पाहा तं लागनच." दगडफूल, शेवाळ, बुरशी यांतच सरांचे आयुष्य गेले.

सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी त्यांच्या 'शांत, निगर्वी स्वभावा'वर लिहावे, असे मला कळवण्यात आले आहे. सर शांत आहेत, हे खरे. त्या शांतपणाचा इथे कसा फायदा घेतला गेला, तेही लिहिले पाहिजे.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. वैनगंगेकाठच्या एका जुन्या देवळाच्या भिंती काळ्या पडत होत्या. देवस्थान समितीचे अध्यक्ष आमच्या महाविद्यालयाच्या संचालक मंडळावरही होते. त्यांनीच सरांना बोलावले. सर पावसाळाभर एस.टी.ने तिथे जात राहिले. बहुतेकदा मीही बरोबर असे. बाहेरची भिंत त्यांनी वीतवीत तपासली. आतल्या मंडपाकडे वळले तेव्हा समितीतल्या एकाने नम्रपणे वाट अडवली. "सर, तुमी बाहेरूनच पाहा. आतलं आमचा मानूस खरडून आनते." मूल गावच्या गिरणीत हमाली करणाऱ्या बौद्ध बापाच्या या मुलाला त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती. सर पायऱ्यांवर थांबले. थोड्या वेळाने आगपेटीतून नमुना आला, कुंकवाने माखलेला. सरांनी तो परत दिला. "यातून मले कुंकवाचं सांगता येईन, दगडाचं नाई."

आत जाता आले नाही म्हणून ते छतावर चढले. दोन शिळांमधले सांधे उघडे पडले होते, तिथून पाणी आत झिरपत होते. त्या ओलीवर आणि दिव्यांच्या तेलकट काजळीवर आतली काळी बुरशी पोसत होती. सरांनी समितीला सांगितले, "छताचे सांधे बुजवा, आतली बुरशी हळूहळू सुकन. बाहेरच्या राखाडी दगडफुलाले मात्र हात लावू नका. त्यानं दगड थोडा खाल्ला हे खरं, पन आता तेच त्याची कातडी झालं आहे. पावसाचा मार तेच झेलून राह्यलं. ओरबाडलं तं दगडासंगं निंगन."

सांधे बुजवल्याने देऊळ चमकत नाही. समितीने कंत्राटदार आणला. तेजाब आला, तारेचे ब्रश आले, वरून चकचकीत लेप बसला. देऊळ नव्यासारखे दिसू लागले, अध्यक्षांचे सत्कार झाले. छत तसेच राहिले. झिरपलेले पाणी लेपामागे कोंडले. पुढच्याच्या पुढच्या पावसाळ्यात लेपाला फोड आले आणि दगडाचे पापुद्रे गळू लागले. दक्षिण भिंतीवर आरसा पाहणारी एक स्त्री कोरलेली होती. तिच्या हातात आरसा उरला, चेहरा उरला नाही.

सरकारकडून तपासणी येणार म्हटल्यावर अध्यक्ष सरांच्या घरी आले. मी तिथेच बसलो होतो. "सर, बुरशी दगड खाते असं तुमीच तं सांगितलं होतं. तेवढंच सायबाले सांगा."

सर म्हणाले, "बुरशीनं नाई खाल्लं भाऊ. ब्रशानं खाल्लं."

"पाहा बुवा. तुमाले नोकरी इथीच कराची हाये."

सरांनी तपासणीच्या दिवशी तेच सांगितले, सर्वांसमोर, आवाज न चढवता. कारवाई कोणावरही झाली नाही. सरांवर मात्र झाली. त्यांचे विभागप्रमुखपद गेले, सूक्ष्मदर्शकांच्या खोलीत मोडकी बाके रचली गेली.

परीक्षा तोंडावर होती आणि प्रात्यक्षिकांना जागा उरली नव्हती. कुरखेड्याकडची एक गोंड विद्यार्थिनी रडत सरांकडे गेली. सरांनी स्वतःचा सूक्ष्मदर्शक ओसरीवर मांडला आणि बाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, तिला परीक्षा संपेपर्यंत घरी ठेवून घेतले. बाकीची मुलेही तिथेच येऊ लागली. त्या वर्षीची प्रात्यक्षिके त्या ओसरीवर झाली. ती मुलगी आज शाळेत विज्ञान शिकवते. या ग्रंथासाठी तिच्याकडून लेख मागवावा असे कोणाला सुचले नाही.

गेल्या महिन्यात सरांना घेऊन मी त्या देवळात गेलो. सोललेल्या दगडावर दगडफुलाचे बारीक ठिपके पुन्हा धरू लागले आहेत. मी म्हटले, "सर, भरून येत आहे." सरांनी खिशातले भिंग काढून ठिपके पाहिले. "कातडी येईन," ते म्हणाले, "चेहरा नाई येत."

समारंभात सरांना शाल तेच अध्यक्ष पांघरवणार, असे निमंत्रणपत्रिकेत छापले आहे. सर ती घेतील, कारण देणाऱ्याचा हात झिडकारणे त्यांना जमत नाही. माझी शुभेच्छा त्या शालीबरोबरची नाही. सरांची दृष्टी शाबूत राहो, गुडघे पायऱ्या चढते राहोत, त्यांना निरोगी शंभरी लाभो. भिंतीवरच्या त्या स्त्रीचा चेहरा कोणी घालवला हे नाव घेऊन सांगणारा माणूस या जिल्ह्यात तेवढी वर्षे तरी असला पाहिजे.