दोन उभ्या रेघा, एक आडवी – आणि सात नंबरची खोली

देवळापुढून जाताना मी हात जोडतो, कारण माझे वडील जोडायचे. तेवढंच. आमच्या भागात भानामतीचं लई प्रस्थ आहे. कुणाच्या अंगात येतं, कुणाच्या घरावर दगड पडतात... असल्या गोष्टी सांगणाऱ्याला मी भर पारावर हसलेलो माणूस आहे. माझं वय सत्तरीला टेकलं, इतक्या वर्षांत मला एकही भूत भेटलं नाही. भेटलं असतं तर त्याला एक कांबळं विकलं असतं.

हे मी स्वतः एका बोटानं टाईप करतोय. सून सुनंदा म्हणाली, मी लिहून देते. नको म्हटलं, ती माझी वाक्यं सुधारती. शाळा माझी तिसरीपर्यंत. चुका निघतील, काढा. पण जे लिहिलंय ते जसं घडलं तसं आहे.

माझं नाव सायबण्णा. गाव मुडबी, तालुका बसवकल्याण. आमचं घर मेंढरांचं. अप्पा, म्हणजे माझे वडील, वारले त्या वर्षी मी सगळा कळप विकला. चरायला रान राहिलं नव्हतं, गावातली माणसं हैदराबादला आणि पुण्याला कामाला लागली होती. मी धंदा धरला – गावात मागावर विणलेली लोकरीची कांबळी बाहेर नेऊन विकायची. त्यावरून माझी थोरली बहीण नागाक्का आजपर्यंत बोलती. आमच्या मेंढरांच्या पाठीवर गेरूची खूण असायची – शेपटाकडं दोन उभ्या रेघा, मानेकडं एक आडवी. पंचक्रोशीत ती खूण फक्त आमची. अक्का म्हणायची, "अप्पाची खूण तू मिटवलीस." मी पिशवी उचलून कामाला निघून जायचो.

कामाला म्हणजे लॉजात. सोलापूर, लातूर, हैदराबाद, गुलबर्गा... महिन्यातले पंधरा दिवस मी बाहेर. आता ऑर्डरी ईमेलवर येतात, टेंडर कंप्युटरवर भरावं लागतं, म्हणून लॉजाचं नेट कसं आहे हे मी आधी बघतो, गादी नंतर. माझी एक पद्धत आहे. मेंढरं विसाच्या कोडीनं मोजतात. मी काउंटरवरच लॅपटॉप उघडतो, एका मेंढीचा ठरलेला फोटो लावतो, आणि तो पुरा दिसेपर्यंत मनात मेंढरं मोजतो. एका कोडीत फोटो आला तर लॉज चांगला. दोन कोडी – चालतंय. लातूरला एका ठिकाणी पाच कोडी झाल्या तरी मेंढीला पाय आले नव्हते. तिथला मॅनेजर म्हणाला, "येतील की काका, घाई काय?" मी म्हटलं, "लंगडी मेंढी मी कळपात घेत नसतो," आणि पिशवी उचलली.

गुलबर्ग्याला बस स्टँडच्या मागं जो लॉज आहे, तिथलं नेट दीड कोडीचं. पहिल्या मजल्यावर सात नंबरची खोली, खिडकी उत्तरेला, बाहेर कडू लिंबाचं झाड. तिथला मॅनेजर बसवराज मला 'कोडीवाले अण्णा' म्हणतो.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. सरकारी वसतिगृहांना कांबळी पुरवायचं टेंडर निघालं. एवढं मोठं काम आमच्या गावाला कधी मिळालं नव्हतं. मुडबीत एके काळी एकोणीस माग होते – जमिनीत खड्डा करून त्यात पाय सोडून बसायचं, तसले. उरले सहा. त्या सहा घरांनी मला सांगून ठेवलं होतं, "अण्णा, हे काम आलं तर बसतो. न्हाई आलं तर खड्डे बुजवतो, आन पोराकडं पुण्याला जातो." मागांना कातलेली लोकर लागते, ती कातणाऱ्यांत माझी अक्का पण होती.

नमुना देऊन झाला होता. फक्त दर भरायचा राहिला होता. शेवटच्या दिवशी दुपारी चारला टेंडर बंद.

आता माझी चूक सांगतो. मेंढराच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हात घालून बोटं दाबून ठरवतात, आणि शहाणा माणूस आपलं शेवटचं बोट बाजार उठायच्या वेळेलाच दाखवतो. सुनंदा चार दिवस आधीपासून मागं लागली होती.

"मामा, आजच भरून टाका."

"आज दर भरला तर समोरच्याला कळतंय."

"कसं कळतंय? ते बंद लिफाफ्यावानी असतंय. उघडंस्तोवर कुणाला दिसत न्हाई."

"तुला बाजार म्हाईत न्हाई," मी म्हटलं.

तिला कंप्युटर माहीत होता. पण मी ऐकतोय होय? शेवटच्या दिवशी बरोबर बाराला मी गुलबर्ग्याच्या लॉजात पोचलो. गळ्यात काळ्या लोकरीच्या दोऱ्यात सहीची किल्ली. टेंडरवर सही पण कंप्युटरमधूनच करावी लागते, त्याची बोटाएवढी किल्ली मिळते, ती लॅपटॉपला खुपसायची. ज्या माणसानं अर्धं आयुष्य अंगठा उठवला त्याची सही आता गळ्यात असते.

काउंटरजवळ सोलापूरचा एक सेठ बसला होता. त्यानंही हेच टेंडर भरलं होतं, आदल्या दिवशीच. माझा दोरा बघून म्हणाला, "काय अण्णा, ताईत बांधलाय?"

"ताईत न्हाई, सही हाय."

"मग शाई देऊ का अंगठ्याला?"

मी पिशवी उचलली. वर गेलो. आणि साडेबाराला लाईट गेली.

बसवराज खालून ओरडून म्हणाला, "अण्णा, गल्लीच्या तोंडावरचा लाईटीचा डीपी जळलाय. पाचाच्या आत येत न्हाई."

"आन नेट?"

"लाईट न्हाई तर नेट कुठलं? आन आमचा नेटचा डबा तर सकाळपास्नं बिघडलाय, काढून ठिवलाय."

मोबाईल माझा साधा बटणाचा, पण नेटचं डोंगल होतं. त्याचा दिवा लाल तो लालच. लॅपटॉप काखेत मारून उन्हात निघालो, स्टेशन रोडला दोन सायबर कॅफे गाठले. एक म्हणाला, बाहेरची मशीन आम्ही जोडत नाही. दुसऱ्याच्या कंप्युटरनं माझी सहीची किल्ली ओळखलीच नाही. परत लॉजात आलो तेव्हा तीन वीस झाले होते. खाली सेठ पेपरानं वारा घेत होता.

"भरलं का अण्णा?"

"भरायलोय."

"अंधारात?"

वर गेलो, पलंगावर बसलो. सुनंदाचा फोन.

"मामा, झालं का?"

"व्हायलंय."

"म्हंजी न्हाई झालं."

"झालं की सांगतो," म्हणून मी ठेवला. तिनं रागावून काही म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मला त्या वेळी सहा खड्डे दिसत होते. माझ्या हट्टापायी ते बुजणार होते. कुणी मला तोंडावर बोललं नसतं, हे जास्त वाईट.

बॅटरी पाव राहिली होती. वायफायची यादी उघडली – रिकामी. गल्लीत एवढे लॉज, दवाखाना, फोटो स्टुडिओ, एरवी दहा-बारा नावं असतात. सगळ्यांची लाईट गेलेली, दिसणार कोण? बंद केली. परत उघडली. रिकामी. मी हट्टानं तेच करत बसलो, दुसरं काही हातात नव्हतं म्हणून.

पाचव्या-सहाव्या वेळेला एक ओळ आली.

मला इंग्रजी वाचता येत नाही. लॉजांची नावं मी अक्षरांच्या आकारावरून ओळखतो. ह्या ओळीत अक्षरच नव्हतं. दोन उभ्या रेघा आणि एक आडवी. अशी – ||-

शेजारी कुलपाचं चित्र नाही. सिग्नलच्या पाचही कांड्या भरलेल्या.

मी चष्मा पुसला. तीच. खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. मला राग आला. मेंढरं चोरीला गेली की आपली खूण अशीच दुसऱ्याच्या कळपात दिसते, तसा राग. कुणाची हिंमत झाली? मग डोक्यात आलं – खूण आपली असेल तर मेंढरू आपलं. आमच्यात हा कायदा आहे, त्याला साक्षीदार लागत नाही. मी दाबलं.

लागलं.

सवयीनं आधी मेंढीचा फोटो उघडला. एक... दोन... तिसरं मेंढरू मोजायच्या आत मेंढी चारी पायांवर उभी. असला वेग मी हैदराबादच्या मोठ्या हॉटेलातही बघितला नव्हता. टेंडरचं पान उघडलं. दर भरला – उपरण्याखालचं शेवटचं बोट. गळ्यातला दोरा न काढता वाकूनच किल्ली खुपसली. सही झाली. कागद एकामागं एक असे गेले, जशी मेंढरं मेंढवाड्याच्या तोंडातून सुटतात. पावतीचा नंबर आला. तो बसच्या तिकिटाच्या मागं उतरवला. मोबाईलात तीन एक्केचाळीस.

बाकी काही झालं नाही. गार वारा नाही, वास नाही, कुणी हाक मारली नाही. वाढवून लिहायची मला सवय नाही. नंबर उतरवून मान वर केली तर ती ओळ गेलेली. बॅटरी अजून नऊ मिनिटं चालली. ओळ परत आली नाही.

सुनंदाला फोन केला. "झालं."

"कशावर झालं मामा?"

"घरच्या नेटवर," मी म्हटलं. तोंडातून तसंच आलं.

खाली उतरलो. सेठ म्हणाला, "काय अण्णा, चार वाजायलेत."

"वाजू द्या सेठ. शाई ऱ्हाऊ द्या, सही झाली."

"लाईट न्हाई, नेट न्हाई. कुणाला सांगायलाव?"

मी तिकीट पुढं केलं. त्यानं आपली पावती काढून दोन्ही नंबर शेजारी धरले. तसाच नंबर, थोडा पुढचा. त्याचा पेपर हलायचा थांबला. मी बसवराजला विचारलं, "नेटचा डबा कुठाय तुझा?" त्यानं ड्रॉवर ओढला. डबा आत, वायर गुंडाळून त्याच्यावर ठेवलेली. "हितं झोपलाय अण्णा सकाळपास्नं. कामून इचारायलाव?"

मी तिकीट घडी करून खिशात घातलं.

संध्याकाळी लाईट आल्यावर स्टेशन रोडच्या कॅफेत पावती छापून घेतली. वेळ तीच. कागद खोटं बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी मी गावाला परतलो नाही. लॅपटॉप घेऊन गल्लीतल्या घराघरांत गेलो. लॉज, दवाखाना, स्टुडिओ, वर राहणारे भाडेकरू – प्रत्येकाला विचारलं, ही खूण तुमच्या नेटला आहे का? एकानं मला वेडा समजून पाणी पाजलं. कुणाचीच नव्हती. घरी आल्यावर सुनंदानं लॅपटॉपात जुनी यादी काढली. मी जोडलेल्या सगळ्या लॉजांची नावं त्यात होती, पार लातूरच्या लंगड्या मेंढीपर्यंत. ही खूण तेवढी नव्हती. हे वाचणारे जाणकार म्हणतील, कुणाचा तरी मोबाईल असेल. असेल. पण माझ्या बापाची खूण त्याला कुणी शिकवली, एवढं सांगा.

दीड महिन्यानं निकाल लागला. काम मुडबीला. आमच्या नमुन्यावर पाणी ओतलं तर खाली थेंब उतरला नव्हता, असं नंतर कळलं. सोलापूरच्या सेठनं स्वतः फोन केला, "सायबण्णासाहेब, अभिनंदन." अण्णाचा साहेब झालो. सहा खड्ड्यांपैकी एकही बुजला नाही. हैदराबादला वॉचमन झालेला महादप्पा बायको घेऊन परत आला आणि त्यानं आपला जुना खड्डा उकरला. मग आणखी दोघांनी.

मी विणकरांना एकच गोष्ट जास्तीची सांगितली. प्रत्येक कांबळ्याच्या कोपऱ्याला लाल दोऱ्यानं दोन उभ्या, एक आडवी.

अक्काला मोतीबिंदू आहे, दिसत कमी. पहिलं कांबळं तिच्या मांडीवर ठेवलं. ती लोकर चाचपत कोपऱ्यापर्यंत आली आणि तिचं बोट त्या रेघांवर थांबलं. परत फिरवलं.

"ही कुणी घातली?"

"मी."

"तू तर मिटवली हुतीस."

"घावली."

"कुठं?"

"गुलबर्ग्याला. स्टँडच्या मागं लॉज हाय, तिथं."

तिनं कांबळ्याचा कोपरा मुठीत धरला. मग म्हणाली, "तिथं तवा माळ हुता. अप्पा चराईला त्या अंगाला गेले की तिथंच मेंढरं बसवायचे. मी ल्हान हुते, पालावरनं भाकरी घिऊन जायची. लिंबाचं झाड हुतं एक."

हे मला माहीत नव्हतं. पण हे उत्तर नाही, हे मी अक्कालाही सांगितलं. माळावर मेंढरं बसली म्हणून साठ-सत्तर वर्षांनी तिथं नेट येत नसतं. ती म्हणाली, "तुला काय कळतंय, तू तिसरी शिकलेला." आणि कांबळं मांडीवरून काही खाली ठेवलं नाही.

मी अजून मानत नाही. तरी गुलबर्ग्याला गेलो की सात नंबरच मागतो, रिकामी नसली तर थांबतो. आता बसवराजनं नवा डबा बसवलाय, पाऊण कोडीत मेंढी उभी राहती. तरीपण नेट लावायच्या आधी मी ती यादी एकदा वरून खाली बघतो. ओळ परत दिसली नाही. दिसली तर काही मागायचं नाही मला. नऊ खड्डे चालू आहेत, तेवढं कळवायचं आहे.