नाक नको, घड्याळ बघा

आमच्या शेजारच्या बाई कधी कशाचा वास घ्यायच्या नाहीत. तुम्ही-आम्ही दूध नासलं का बघायला पातेल्यात नाक खुपसतो की नाही? त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायच्या. "नाक नको, घड्याळ बघा," हे त्यांचं ठरलेलं. अंबरनाथकडच्या एका डेअरीच्या लॅबमध्ये सगळी नोकरी झाली, आणि मग शिरगावात आमच्या मजल्यावर राहायला आल्या.

उल्हासनगरहून एक पनीरवाला यायचा. "सूंघ के देखो मॅडम, एकदम ताजा!" त्या म्हणायच्या, "नाक को क्या समझता है? कितने बजे बनाया, वो बोल." तो बिचारा माझ्या दाराशी येऊन कपाळावर हात मारायचा. "आंटी, ये मॅडम पनीर की जनमपत्री मांगती है."

हसायचो आम्ही. मी जरा जास्तच.

एकदा सोसायटीत मुलांचे खेळ होते. दहीभात माझ्याकडे. पन्नास-साठ पानांचं मी एकटी रांधते, उगाच नाही सांगत. सकाळी आठला भात उतरवला, गच्च झाकून ठेवला. दुपारी चारला दही कालवायला बसले, तर या आल्या आणि ढिगात हातच घातला. वरून गार, पोटात कोमट.

"कधीचा?"

"सकाळचा. बघा कसा मोकळा झालाय."

"मुलांना नका देऊ, ताई. असा कोमट राहिला की भातात जंतू वाढतात. वास येत नाही, चव बदलत नाही."

"मग चरचरीत फोडणी देते की!"

"त्यांचं विष फोडणीला दाद देत नाही हो."

कमिटीच्या मागे लागून त्यांनी अख्खं पातेलं टाकायला लावलं. मुलांना बिस्किटं वाटली. भात कोणी खाल्लाच नाही, तरी एकालाही काही झालं नाही म्हणून बाईच खोट्या ठरल्या. "अन्नाची किंमत नाही," असं जिन्यात बोललं जायचं. पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं त्यांना गेलं नाही. यादी मी केली होती.

आता खरं सांगते. टाकायच्या आधी वाडगाभर भात मी हट्टाने घरी आणला होता. फोडणी दिली, ह्यांना वाढला. "झकास!" म्हणाले. दोन तासांत मोरीत उलट्यांवर उलट्या. दुसऱ्या दिवशी कोणी विचारलं की मी म्हणायचे, पित्त झालंय.

गेल्या वर्षी बाई गेल्या. तेराव्याला कोणीतरी दहीभाताची गोष्ट काढली, थट्टेनेच. मला राहवेना. वाडगा, उलट्या, ती यादी, सगळं बोलून गेले. बाईंची मुलगी ताटं उचलत होती, ती थांबली.

"काकू, आईला एकदा सांगायचंत. हॉस्पिटलमध्येसुद्धा मला विचारत होती, एवढा भात टाकायला लावला, माझं चुकलं का गं?"