लिंबाएवढं लिंबू

"लिंबू हलवलंस तू!"

"हलवलं नाही, वन्सं, उचललं. घसा धरलाय माझा. कोमट पाण्यात पिळणार होते."

"अगं, जीव आहे त्यात माझा!"

"तीन दिवस ओट्यावर पडून तुमचा जीव सुकलाय. सालीला सुरकुत्या पडल्यात."

"ठेव आधी. वाटीच्या उजवीकडे. देठ खिडकीकडे!"

रुसलेल्या पोराला जागेवर बसवावं तसं वहिनीने लिंबू आदळलं.

नणंदेला सगळी गल्ली 'पाटीवाली' म्हणायची. वडिलांमागे चाळीस वर्षं शिडीवर चढून तिने दुकानांच्या पाट्या रंगवल्या. त्या धंद्याचे नियम दोनच. अक्षर रस्त्यापलीकडून वाचता आलं पाहिजे, आणि उजेड कुठूनही येवो, सावली उजवीकडेच, काळीकुट्ट. आता पाट्या छापून येतात आणि शिडीवर कपडे वाळतात. म्हणून तिने डोक्यात घेतलं होतं, वाचनालयाच्या प्रदर्शनात चित्र लावायचं, एकदा तरी आपल्या नावापुढे 'चित्रकार' लिहिलेलं बघायचं. अट एवढीच की समोरची वस्तू आहे तेवढ्याच आकाराची काढायची. आज बारा वाजता चित्रं घेणं बंद.

चित्रासाठी आणलेल्या तीन फळ्यांपैकी पहिलीवर लिंबाचा नारळ झाला होता. दुसरी संपत आली होती. आणि ओट्यावर ऊन यायचं अकरा ते पावणेबारा, बस्स.

"जमलं!" शेवटचा फटकारा मारून पाटीवाली उलट्या पावली निघाली. पाटी रंगवणारा माणूस आपलं काम बघायला रस्ता ओलांडतो. ती बाहेरची खोली ओलांडून, दार ओलांडून, थेट समोरच्या बिऱ्हाडात पाठमोरी शिरली. तिथले मास्तर पेपरातून मान वर न काढता सोफ्यावर सरकले.

"आज कसंय?"

"फक्कड! इथून अगदी लिंबू!"

"इथून!" वहिनी स्वयंपाकघरातून कडाडली. "बघायला येणाऱ्यांना काय मास्तरांच्या सोफ्यावर बसवणार आहात? इथून कलिंगड दिसतंय! आणि खिडकी उजवीकडे, तर सावलीही उजवीकडे कशी? लिंबू आहे की किराणा दुकानाचं पहिलं अक्षर?"

पाटीवाली धावत परत आली. खिडकी उजवीकडे. खरंच की! चाळीस वर्षांत उजेड येतो कुठून, हे तिने कधी वळून बघितलंच नव्हतं.

"बसा." वहिनीने तिला खुर्चीत दाबलं, शेवटची फळी पुढ्यात ठेवली आणि तिच्या एप्रनचे बंद खुर्चीच्या पाठीला गच्च बांधले. "आता जा मास्तरांकडे!"

बांधलेला माणूस करणार काय? जवळून बघतो. पाटीवालीने बघितलं आणि तिला हसूच फुटलं.

"वहिनी, सावली काळी नाहीये गं! निळी आहे! आणि वाटीवर पिवळं सांडलंय!"

"पुसते."

"पुसतेस काय! उजेड आहे तो, लिंबाचा! हलू नकोस!"

"मी? मी कशाला हलू नको?"

"तश्शीच राहा, कमरेवर हात ठेवून!"

बारीक कुंचला तुरुतुरु पळत होता. खुर्ची कुरकुरत होती, पाटीवाली खिदळत होती, आणि समोरून मास्तर ओरडले, "आज येणार नाही का परत? मी सरकून बसलोय!"

ऊन ओट्यावरून घसरलं तेव्हा कुंचला थांबला. वहिनीने खरं लिंबू उचलून रंगवलेल्याशेजारी धरलं. तसूभर फरक नाही.  मग ती खाली वाकली. वाटीच्या चकचकीत पोटावर तांदळाच्या दाण्याएवढी एक बाई उभी होती. कमरेवर हात, नजर लिंबावर.

"ही मी?"

पाटीवालीने घड्याळाकडे बघितलं. पावणेबारा.

"मी एवढीशी? लिंबाची कलिंगडं करताना हात आखडला नाही तो! वन्सं, मला मोठी करा! निदान लिंबाएवढी तरी! अहो, ऐकताय ना?"

पाटीवालीने ओली फळी ताटासारखी दोन्ही तळव्यांवर घेतली आणि वाचनालय गाठायला ती दाराबाहेर पडली. मागोमाग एप्रनला लटकलेली खुर्ची उंबऱ्याशी एकदा अडली, मग तीही गेली.