वहिनीचे धडे, आईचे टाके

आमची वहिनी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते, तेही घरबसल्या, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून. तिची नणंद म्हणून तिच्या चुका काढायचा माझा हक्क आहे आणि तो मी सोडलेला नाही. पण तिच्या तुळयांच्या धड्यांना कुणी नावं ठेवली, तर मी पदर खोचून भांडेन.

तुळईवर भार ठेवला की दोन्ही टोकांच्या टेकूंवर तो किती-किती जातो, हा तिचा विषय. पहिल्या ऑनलाइन सत्राला तीनशे मुलं होती, शेवटपर्यंत टिकली नव्वद. विभागप्रमुखांनी सांगून टाकलं, "मॅडम, पुढच्या सत्रात फरक पडला नाही, तर हा विषय तुमच्याकडून काढून बाहेरचे तयार धडे घेऊ." दहा वर्षं जीव ओतून शिकवलेला विषय! वहिनी दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी ती आपलाच धडा लावून बसली. शेजारी आई स्वेटर विणत होती. मध्येच आई कडाडली, "अगं, बंद कर ते! माझे टाके चुकले."

"आई, तुम्ही कशाला ऐकताय?"

"ऐकू का वाचू, तेच कळेना. तू बोलतेस तेच तिथे शब्दन्‌शब्द लिहिलंय. आणि तो 'क' कोण? चित्रात नुसता 'क', त्याचं नाव खाली यादीत. मी शोधेपर्यंत तू पुढे पळालीस!"

आई सातवी शिकलेली. मला हसू फुटलं. वहिनी मात्र हसली नाही, वही ओढून तिने सगळं लिहून घेतलं.

मग रोज दुपारी तोच कार्यक्रम. आई विणायची, वहिनी धडा लावायची. आईचा टाका गळला की तिथे धडा जड झाला असं समजायचं आणि कात्री लावायची. नावं चित्रावरच आली. लांबलचक मजकूर गेला, आवाज राहिला. चाळीस मिनिटांच्या धड्याचे सहा तुकडे झाले. पहिलं गणित पूर्ण सोडवून दाखवायचं, दुसऱ्यात शेवटची पायरी मुलांनी भरायची, तिसऱ्यात शेवटच्या दोन, असं करत शेवटचं गणित कोरं. तुळईवर नाचणारा एक हत्ती होता, वहिनीचा फार लाडका. "मी हत्तीच बघत बसले, भार राहिला बाजूला," आई म्हणाली. हत्ती गेला. वहिनीने त्या दिवशी चहासुद्धा मुकाट्याने घेतला.

त्या सत्रात तीनशेतली दोनशे चाळीस मुलं टिकली. प्रमुखांचं समाधान होईल तर शपथ! "घास भरवून कुणी इंजिनिअर होत नाही," ते म्हणाले. "शेवटच्या तासाला मी स्वतः प्रश्न विचारतो. तुम्ही माइक बंद ठेवायचा."

त्या तासाला मी आणि आई टेबलाच्या पलीकडे बसलो होतो. प्रमुखांनी यादीतून एका मुलीचं नाव उचललं. चार मीटरची तुळई, डाव्या टोकापासून एक मीटरवर आठ टनांचा भार. टेकूंवर किती?

"डावीकडे सहा, उजवीकडे दोन," मुलगी लगेच म्हणाली.

"समीकरणं कुठायत?"

"लागलीच नाहीत, सर. भार डावीकडून एक मीटर, उजवीकडून तीन. जो जवळ, त्याला जास्त. म्हणजे आठाचे चार वाटे. तीन डावीकडे, एक उजवीकडे."

"हे मॅडमनी शिकवलं?"

"नाही सर. मॅडम मोठी रीत सांगतात. करता करता मला हे दिसलं."

प्रमुखांनी भार हलवून आणखी दोन प्रश्न टाकले. तिने दोन्ही तोंडीच सोडवले. मग ते म्हणाले, "मॅडम, विषय तुमच्याकडेच राहील."

वहिनीने माइक सुरू केला. मला वाटलं, आभार मानेल. मी असते तर चार शब्द सुनावलेच असते. पण तिचं प्रमुखांकडे लक्षच नव्हतं. डोळे पुसत ती त्या मुलीला म्हणाली, "हे मला कधी सुचलं नव्हतं गं. पुढच्या वर्षीच्या मुलांना असं शिकवलं तर तुला चालेल?"