घोडा पोचला

मी बी.ए. झालो तो आमच्या गावात सुपं-टोपल्या विणणाऱ्या काकाजींमुळे, असं सांगितलं की नागपूरचे मित्र हसतात. काकाजींना अक्षरओळख नव्हती. काही नीट ऐकायचं झालं की ते आधी डोळे मिटायचे. म्हणायचे, “डोरे उघडे असले का कान झोपते, बापू.”

सालेकशाकडच्या आमच्या गावात दिवाळीनंतर मंडई, म्हणजे जत्रा, भरायची आणि मंडईला ऐतिहासिक नाटक व्हायचं. पडद्यामागचे सगळे आवाज काकाजींचे. सुपात धान घोळवलं की पाऊस. धान साठवायच्या रिकाम्या ढोलीवर मुसळ आदळलं की तोफ. घोड्यासाठी बेलाच्या वाळक्या फळाच्या दोन कवट्या, लाकडी पाटावर.

पहिल्या तालमीत त्यांचा घोडा ऐकून नाटकाचे मास्तर ओरडले, “अहो, हा मराठ्यांचा स्वार आहे की धानाची बैलबंडी?”

खरंच होतं ते. काकाजींच्या कानात जन्मभर बैलच चाललेले. पण ते रागावले नाहीत. पुढच्या चार आठवडी बाजारांत ते पोलीस जमादाराच्या घोड्यामागे डोळे मिटून उभे राहिले.

“क्यूं रे, घोडा चुरायेगा क्या?” जमादाराने दरडावलं.

“नाही साहेब, शिकून राहिलो.”

मी तेव्हा नुकताच मॅट्रिक झालो होतो, आमच्या घरातला पहिलाच. नाटकात मी जासूद. दौडत यायचं, मुजरा करायचा, गड जिंकल्याची खबर द्यायची. गावच्या मालगुजारांनी, म्हणजे जमीनदारांनी, बाबांना सांगून ठेवलं होतं, “पोरगा चार लोकांत धड बोलला, तर नागपूरला माझ्या घरी राहून कॉलेज शिकंल. नाहीतर बंडी हाकंल.”

मंडईच्या दिवशी टापा वाजल्या. मी धावत आत गेलो, मुजऱ्याला वाकलो आणि पहिल्या रांगेत मालगुजार दिसले. वाक्य डोक्यातून पुसलंच गेलं.

तोच टापा पुन्हा सुरू झाल्या.

“अबे, जासूद तं आला, घोडा काऊन फिरून राहिला?” प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडलं. मांडव हसला. तुम्ही तिथे असता तर तुम्हीही हसला असता.

मी वाकल्या वाकल्या पडद्याच्या कडेला पाहिलं. काकाजी डोळे मिटून कवट्या वाजवत होते. हळूच म्हणाले, “घाई नाही, बापू. घोडा आनखी गडाच्या खालीच आहे. आइक.”

मीही डोळे मिटले. महिनाभर ज्या टापांवर मी ते वाक्य घोकलं होतं, त्या जवळ जवळ येत गेल्या.

“महाराज, गड आपला झाला!”

टापा थांबल्या. मालगुजारांनी मान डोलावली.

नंतर मी विचारलं, “काकाजी, आठवलंच नसतं तर?”

“तर काय? घोडा रायपूरपावतर नेऊन आणला असता.”

काकाजी आता नाहीत. त्यांच्या घरी एका टोपलीत त्या दोन कवट्या आहेत आणि त्यांच्याखाली हाताळून हाताळून मऊ झालेलं माझं पोस्टकार्ड:

‘काकाजींस साष्टांग नमस्कार. पोस्टमन हे वाचून दाखवेल तेव्हा डोळे मिटून ऐका. मी बी.ए. पास झालो. घोडा पोचला. — तुमचा जासूद.’