ॲक्झोलोटलांचा समेट

मी अड्याळजवळच्या आमच्या गावात तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष आहे, आणि आमच्या घरात एकानं दुसऱ्याचा पाय खाल्ला तो माझ्या मध्यस्थीनं.

दोघेही ॲक्झोलोटल. पाण्यात राहणारे, चार पायांचे, मानेला झालर, चेहऱ्यावर कायम हसू. (बायको त्यांना पाण्यातल्या पाली म्हणते.) आम्ही घामाघूम आणि त्यांना थंडावा लागतो म्हणून पाण्यात बर्फाची बाटली! मुलगी प्राची परीक्षेसाठी नागपूरला जाताना त्यांची काचेची टाकी माझ्या हवाली करून गेली.

"बाबा, दोघंही मले धडधाकट पाहिजेत. अन् ते कवेलू हलवू नका!"

पांढरा लाडू टाकीभर मिरवायचा. काळा जांभूळ मात्र दिवसभर टाकीतल्या त्या कवेलूखाली, म्हणजे छपराच्या कौलाखाली. मला लक्षण ठीक दिसेना.

"भांडण झालं दिसते," मी म्हणालो.

"अवो, झोपला असन," बायको म्हणाली. "तुमाले सगळीकडं तंटाच काहून दिसते?"

आमच्या समितीची एक रीत आहे. भांडणारे दोघे एका ताटात जेवले की तंटा मिटला. त्या दिवशी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भावाशी भांडलेला नामदेव घरी येऊन बसला होता. भाऊ यायचा होता, मग ताट वाढायचं होतं. म्हटलं, तोवर याला नमुना दाखवू!

"नामदेव, समेट कसा होते ते पाह्यून घे," असं म्हणत मी कवेलू उचललं आणि दोघांच्या मधोमध एकच गांडूळ सोडलं.

दोघेही झेपावले. लाडूनं गांडूळ गिळलं आणि सोबत जांभळाचा पुढचा पायही! चेहऱ्यावरचं हसू तसंच.

पोरीला काय तोंड दाखवू? तरी फोन लावून झालं ते सांगितलं.

"बाबा! तो रुसला नव्हता. त्याले उजेड सहन होत नाही, एकटं राहणंच आवडते. तोंडापुढं जे हलते ते चावतेत हे! लाडूले आधी बादलीत काढा." मग म्हणाली, "पाय येईल परत. उगवतेत त्यायचे."

माझा जीव भांड्यात पडला. नामदेव मात्र चपला घालत होता.

"अध्यक्षसाहेब, त्याचा पाय उगवते. माह्या बोटायचं काय? मी नाई जेवत भावासंग एका ताटात!"

तो मागच्या दारानं गेला. मी लाडूला बादलीत काढलं, कवेलू जागेवर ठेवलं. जांभूळ लंगडत त्याखाली शिरला. तेवढ्यात पुढच्या दारातून नामदेवच्या भावाचा आवाज आला, "अध्यक्षसाहेब हायेत का घरी?"

कुठं लपावं म्हणून मी कवेलूकडं पाहिलं. जागा एकाचीच होती, आणि ती भरली होती!