कोपराचे चोरखिसे

आमच्या शेजारच्या काकी माणसाचं तोंड नंतर बघायच्या, आधी कोपर. दारात मोटरसायकल लावून कुणीही आत आलं की पाणी द्यायच्या आत त्यांची दोन बोटं त्याच्या बाहीवर. "हितं काय न्हाय रं तुझ्या," म्हणून आधी झाडायच्या, मग चहा टाकायच्या.

वालचंदनगरच्या कारखान्याच्या कॉलनीत आमची भिंतीला भिंत. काका निवृत्तीला आलेले. मुलगा संदीप लेथ मशीनवर, रोज मोटरसायकलनं बारामतीच्या एमआयडीसीत जायचा. सगळं घर त्याच्या हातांवर चाललेलं, त्यामुळे काकींना धास्ती त्या हातांचीच. पडलं की आधी कोपर टेकतं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्यांनी त्याला जाडजूड रायडिंग जॅकेट आणायला लावलं. एप्रिल लागला तसं ते खुंटीला गेलं.

"आई, आत शिजतोय मी. आन् पोरं हसत्यात ते येगळंच."

मग काकी इरेला पेटल्या. शिवणाच्या मशीनवर बसून त्यांनी साधा चौकड्याचा शर्ट शिवला. जरा ढगळ, पाठीला आतून जाळी, खांद्याला जीन्सचं कापड आणि कोपरांशी चोरखिसे. त्यात हेल्मेटच्या दुकानातली पॅडं. "दिसलं की पोरं घालत न्हाईत. मग दिसूच द्यायचं न्हाय," हे त्यांचं तत्त्वज्ञान. आणि काय सांगू, शर्ट झकास झाला! आत वारं खेळायचं. संदीप तो अंगावरून काढीना. मीही हट्टानं एक शिवून घेतला.

मेमध्ये इंदापूरचं स्थळ आलं. मुलगी बघायला जायचं ठरलं. ठरवलेल्या जीपमध्ये आत्या-मावश्याच मावेनात, म्हणून संदीप मागून मोटरसायकलवर येणार होता, आणि घालणार होता तोच लाडका शर्ट. काकी सकाळी इस्त्री घेऊन बसल्या. पॅडांमुळे बाहीला घडी बसेना, कोपरं फुगलेली दिसत. पाहुण्यांसमोर असा शर्ट? त्यांनी दोन्ही पॅडं काढून मशीनवर ठेवली आणि कडक इस्त्री मारली. मी तिथंच होतो. "काकी, ते परत घाला," म्हटलं.

"आजच्या दिवसापुरतं रं. माणसं काय म्हणतील?"

इंदापुरात पोह्यांच्या बशा हातात आल्या आणि काकांचा फोन वाजला. गावाच्या अलीकडे खडीवर संदीपची गाडी घसरली होती. डोक्याला हेल्मेट होतं, जीव वाचला. उजवं कोपर मात्र फुटलं. दोन ऑपरेशनं झाली, पण हात काही वाकेना. लेथ सुटला. स्थळाकडून पुन्हा निरोप आला नाही. संदीप आता डाव्या हातानं जेवतो आणि कुणाशी फारसं बोलत नाही.

काकींनी शिवणं सोडलं नाही, हेच वाईट. आता त्या पॅडं आत कायमची शिवून टाकत. तीही वरून दिसतील अशी, जाड दोऱ्यानं. बाह्या फुगत, इस्त्री बसत नसे. कॉलनीतली पोरं शर्ट घेऊन जात आणि घालत नसत. काकींना ते कळत होतं, तरी मशीन थांबत नव्हतं. भिंतीपलीकडून ते ऐकताना माझा जीव तुटायचा.

यंदा काका निवृत्त झाले, कारखान्याची खोली सोडावी लागली. टेम्पोत सामान चढलं. संदीप आधीच पुढं जाऊन बसला होता. मी मुद्दाम माझा तो जुना शर्ट घालून निरोप द्यायला गेलो. काकींनी सवयीनं माझं कोपर दाबलं. पॅड हाताला लागलं, तशी त्यांची बोटं तिथंच राहिली.

"तुझ्यात हाय रं," त्या म्हणाल्या. "त्याच्यातलंच मी काढलं."